आठ पॉइंट सहा

१५ फेब्रुवारी १९७०, रविवार

दादानं आज जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं की तो रामटेकच्या चढाईत उतरणार आहे. मोटर क्लबनं एप्रिलच्या शेवटच्या रविवारी शर्यत ठेवली आहे. अंबाळा तलावाकडून गडावर जाणारा रस्ता, एका वेळी एकच गाडी, सर्वांत कमी वेळ घेणारा पहिला. गाडी म्हणजे आपल्या शेडमध्ये गेले वर्षभर धूळ खात असलेली अकराशे फियाट. दुरुस्तीला आणून सोडलेली ती गाडी एका डॉक्टरांनी दादाला देऊनच टाकली होती.

बाबा ताटावरून उठून हात धुवायला गेले. ज्या शेडमध्ये फियाट उभी आहे, तिथे तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचे दोन हातमाग होते. गोळीबार चौकात आमच्याच घरी माग उरले नाहीत असं मुळीच नाही, पण दादाच्या गॅरेजसाठी माग काढणारं घर आमचंच. तेव्हापासून बाबा शेडमध्ये पाऊल टाकत नाहीत. दादाशी कामापुरतं बोलतात.

वहिनीनं मला स्वयंपाकघरात सांगितलं ते दादानं सांगितलं नव्हतं. उमरेडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्याला नोकरी मिळते आहे आणि जूनमध्ये हजर व्हायचं आहे. गेल्या उन्हाळ्यात एका वकिलांच्या गाडीचा पिस्टन सावनेरच्या रस्त्यावर जळला, तेव्हापासून गॅरेजमध्ये स्कूटरच्या पंक्चरशिवाय काम नाही. ते इंजिन दादानंच 'तेज' करून दिलं होतं. ही शर्यत जिंकली तर लोक परत येतील असं त्याला वाटतं. हरला तर गॅरेज बंद.

मला वाटतं तो जिंकणार नाही. हे फक्त इथे लिहिते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मी प्रॅक्टिकल घेते त्या कॉलेजच्या लॅबमधून ब्युरेट आणली, द्रव थेंबथेंब मोजून सोडायची काचेची नळी. विभागाच्या बाईंना विचारूनच आणली, भावाच्या इंजिनाला हवी म्हटलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

काम असं होतं. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते आणि पिस्टन वर आल्यावर जेवढी उरते, त्यांचं प्रमाण म्हणजे कॉम्प्रेशन. जितकं जास्त दाबाल तितका स्फोट जोरात, तितकी ताकद. वरची जागा सिलिंडरवर झाकणासारख्या बसणाऱ्या हेडमधल्या खळग्यात असते. दादानं हेड उलटं ठेवलं, खळग्यावर काचेची तबकडी ग्रीस लावून चिकटवली आणि तिच्या भोकातून मी ब्युरेटनं थेंबथेंब रॉकेल सोडलं. हेडखालच्या गॅस्केटची, म्हणजे सांधा घट्ट करणाऱ्या पट्टीची जागा धरून चाळीस घनसेंटीमीटर भरलं. आकडेमोड केली तर सात पॉइंट आठ. म्हणजे कारखान्यातून आली तशीच आहे.

दादाला साडेनऊ हवं. त्यासाठी चाळीसची बत्तीस करायची, म्हणजे हेडचा खालचा भाग मशीनवर दोन मिलिमीटरहून जास्त घासून घ्यायचा. मी म्हटलं, घासलेला धातू परत येत नाही. तो म्हणाला, "परत कोणाले पाहिजे?"

चारही खळगे मोजून होईपर्यंत माझी पाठ धरली, पण आनंद झाला. प्रॅक्टिकलला मुली हेच करतात आणि कंटाळतात.

४ मार्च, बुधवार

हेड घासून आलं. बत्तीस पॉइंट एक, बत्तीस, बत्तीस, एकतीस पॉइंट नऊ. दादानं घरात येऊन वहिनीला आकडे वाचून दाखवले. तिनं विचारलं, भात टाकू का?

८ मार्च, रविवार

पहाटेच्या गारव्यात सेमिनरी हिल्सवर गाडी पळवली. मीच चालवली, कारण दादाला बाहेर उभं राहून आवाज ऐकायचा होता. मला गाडी दादानंच शिकवली, बी.एस्सी.च्या सुट्टीत, पण ही गाडी म्हणजे वेगळंच काही. टेकडीचा चढ जणू नव्हताच. वर पोचले तेव्हा मी एकटीच हसत होते.

परत आलो तर शेडसमोर दुसरी फियाट उभी. चकचकीत लाल, मुंबईहून तयार होऊन आलेली. ओमप्रकाश नावाचा माणूस, नरखेडकडे त्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत. तोही चढाईत आहे. त्याला पंक्चर काढून हवं होतं. एवढ्या मोठ्या माणसाला सीताबर्डीवर पंक्चरवाला मिळाला नाही? पंक्चर झाल्यावरही तो तासभर बसला. ब्युरेट काय, काच काय, सगळं मला विचारत होता. त्याच्या गाडीचं कॉम्प्रेशन दहा आहे असं त्यानं आपणहून सांगितलं. आपलं सांगायचं नाही म्हणून मी दादाला डोळ्यांनी खुणावलं.

उघड आहे, टेहळणीला आला होता. वहिनीला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली.

१८ मार्च, बुधवार

क्लबचं पत्रक आलं. दोन चढाया आहेत, एक सकाळी सात वाजता आणि दुसरी दुपारी बारानंतर. दोन्हींचा वेळ एकत्र धरणार. पेट्रोल सगळ्यांनी रामटेकच्या पंपाचंच घ्यायचं, बाहेरून आणलेलं चालणार नाही. तिथे साधं पेट्रोल मिळतं, भारी नाही.

दादा म्हणाला, सगळ्यांना सारखंच आहे ना. खरं आहे. पण हलकं पेट्रोल फार दाबलं आणि वर ऊन असलं की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल आपलं आपण पेटतं, आणि दणका पिस्टनवर बसतो. रामटेकला एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता काय असतं ते काही मला पुस्तकात वाचायला नको.

२७ मार्च, शुक्रवार

आज दुपारी पहिल्यांदा ऐकलं.

सुट्टी होती, म्हणून ऐन उन्हात टेकडीवर गेलो. पहाटे जी गाडी पाखरासारखी चढायची तिच्यातून तिसऱ्या गिअरमध्ये आवाज यायला लागला. तापल्या कढईत फुटाणे टाकल्यासारखा. मी पाय काढला तर थांबला, दाबला तर पुन्हा. दादा वर उभा होता, त्यालाही ऐकू गेला असणार. त्यानं फक्त विचारलं, पाण्याच्या तापमानाचा काटा कितीवर होता.

त्यानं ठिणगी थोडी उशिरा पडेल अशी केली. आवाज गेला, पण गाडीतला जीवही गेला आणि पाणी उकळून बोनेटवर आलं.

घरी येताना तो म्हणाला की तुमच्या लॅबमध्ये बेन्झीन असतं ना. असतं. पेट्रोलमध्ये मिसळलं तर इंजिनाचं हे ठोकणं थांबतं हे त्याला माहीत आहे आणि मलाही. एक बाटली. टाकीत घातल्यावर कोणाला कळलं असतं? मी नाही म्हटलं. एकदम म्हटलं, विचार न करता, आणि मग घरापर्यंत विचारच करत होते की हो म्हणायला हवं होतं का. जूनमध्ये तो उमरेडला जाईल आणि मी बरोबर होते एवढंच माझ्याकडे उरेल.

२ एप्रिल, गुरुवार

दादा माझ्याशी बोलत नाही. आता या घरात बाबा त्याच्याशी कामापुरतं बोलतात, तो माझ्याशी मुळीच नाही, आणि सगळ्यांशी बोलणारी एकटी वहिनी.

ओमप्रकाश संत्र्यांची टोपली घेऊन आला. मृगबहाराची शेवटची आहेत म्हणाला. मी स्पष्ट सांगितलं की संत्री देऊन आकडा कळणार नाही. तो लाल झाला आणि म्हणाला की आकडा त्याला नकोच आहे. मग काय हवं आहे ते मात्र सांगितलं नाही. वहिनीनं बसून चार संत्री सोलली.

मला वाईट वाटलं आणि मी त्याला सांगितलं की दहा फार आहे, हे पेट्रोल आणि दुपार धरता तुमचं इंजिन ठोकेल, कमी करून घ्या. दादाला हे कळलं तर चिडेल. पण पिस्टन कोणाचाही जळू नये असं मला वाटतं. तो म्हणाला, मुंबईच्या मिस्त्रीनं खात्री दिली आहे, पण तुम्ही म्हणता तर विचार करतो. करणार नाही. चेहऱ्यावरून दिसत होतं की तो अर्धं ऐकतच नव्हता.

५ एप्रिल, रविवार

दादानं प्लग काढले आणि मला हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चंदेरी ठिपके होते. मी ते नखानं खरवडून पाहिले. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. दणक्यांनी कणाकणानं वितळून उडालेलं. दादा प्लग हातात घेऊन स्टुलावर बसला. मग म्हणाला, "वकिलाच्या गाडीचे प्लगही असेच होते. मी पाहिलेच नाही. पाहिले असते तरी मानलं नसतं."

त्यानं विचारलं, "किती पाहिजे, शामे?"

सात पॉइंट आठवर परत जायचं तर शर्यतीत उतरायलाच नको. साडेनऊवर राहायचं तर दुपारी गडाच्या अर्ध्यावर गाडी फुटेल. मधला आकडा आहे कुठेतरी, पण तो कागदावर निघत नाही, चढावर निघेल. आणि हेड तर घासून झालं. जागा परत आणायची तर एकच रस्ता आहे, हेडखाली जाड गॅस्केट घालायची.

६ एप्रिल, सोमवार

कवडूकाका इतवारीत तांब्याचे गुंड करतात. आमच्या आळीतल्या प्रत्येक घरात पाणी त्यांच्याच गुंडात असतं. दादानं त्यांना जुनी गॅस्केट दाखवली आणि तशाच तीन तांब्याच्या मागितल्या, वेगवेगळ्या जाडीच्या. त्यांनी ती चार मोठ्या भोकांची पट्टी डोळ्यांसमोर धरून विचारलं की यात पाणी कसं राहील. मग हसले, आणि मापं घेतली.

१२ एप्रिल, रविवार

शुक्रवारी आणि शनिवारी मी दुपारची रजा घेतली, आज तर रविवारच. आम्ही रोज एक गॅस्केट घालून पाहिली. कवडूकाकांनी कापलेलं तांबं लाल करून पाण्यात बुडवून मऊ केलं होतं, त्यामुळे हेडखाली नीट बसत होतं.

अर्धा मिलिमीटर जादा, म्हणजे नऊ पॉइंट शून्य पाच. सपाटीवर सुरेख, शेवटच्या उभ्या चढावर पुन्हा फुटाणे. दीड मिलिमीटर जादा, म्हणजे आठ पॉइंट तीनच्या खाली. आवाज नाही, पण गाडी अशी चढली जशी कोणी मागून धरली आहे. मग एक मिलिमीटर. ती आज दुपारी घातली. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी तळापासून वरपर्यंत पाय काढलाच नाही, आणि वर जाईपर्यंत इंजिनाचा फक्त एक भरीव, गोल आवाज होता. दादा रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभा होता. मी गाडी थांबवली तरी त्यानं ते उघडले नाहीत.

आठ पॉइंट सहा.

घरी आलो तेव्हा बाबा शेडच्या दाराशी उभे होते. आत नाही, दाराशी. त्यांची छत्री शोधत होते म्हणाले. छत्री एप्रिलमध्ये कशाला हवी ते मला कळलं नाही. त्यांनी तांब्याची गॅस्केट हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं की कोणी कापली. मग गेले. छत्री तशीच राहिली.

१४ एप्रिल, मंगळवार

साडेनऊ सोडल्यामुळे थोडी ताकद गेलीच. शंभरात तीन भाग, फार तर चार. दादा म्हणतो, तेवढं वजन कमी करू. मागची सीट, स्टेपनी, गालिचा, बंपर सगळं काढलं. पण ते तर सगळेच काढतात.

मग त्यानं मला वखारीतल्या काट्यावर उभं केलं. नंतर तो स्वतः उभा राहिला. मला हिशेब करायला सांगितला, जणू त्याला येतच नाही. आमच्या वजनात चौतीस किलोचा फरक आहे. पूर्ण गाडीच्या मानानं ते किती हे काढलं आणि मी चाट पडले. जवळजवळ तितकंच, जितकं कॉम्प्रेशन कमी करून गमावलं होतं.

म्हणजे गाडी मी चालवायची.

मी म्हटलं की शर्यत तुझी आहे, नाव तुझं व्हायला हवं. तो म्हणाला, आकडा तूच काढला आता. मी बिनतोड उत्तर शोधत राहिले, पण आकडे त्याच्याच बाजूचे होते. गणितापुढे त्याचा इलाज नव्हता, बिचाऱ्याचा.

बाबांना त्यानं संध्याकाळी जाऊन सांगितलं. मला वाटलं आता मोठा गोंधळ होईल. बाबा म्हणाले, "पोट्टीले बसवून राहिला तर इंजिन फुटू नये, एवढं पाहाय." तीन वर्षांतलं हे सगळ्यांत मोठं वाक्य असेल.

२५ एप्रिल, शनिवार

उद्या. प्लग स्वच्छ आहेत, बिस्किटाच्या रंगाचे, एकही ठिपका नाही. गाडीत कमी पडण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणजे आता कमी पडले तर मीच.

२७ एप्रिल, सोमवार

काल लिहायला बसण्याचं त्राणच नव्हतं. आज कॉलेजातून सुट्टी घेतली आहे आणि सगळं क्रमानं लिहिणार आहे.

रामटेकला एकोणीस गाड्या होत्या. क्लबच्या टेबलावर दादानं चालकाच्या जागी माझं नाव सांगितलं तेव्हा लिहिणाऱ्यानं दोनदा विचारलं. नियमात बाई नको असं कुठे नव्हतं. पेट्रोल सगळ्यांना एकाच ड्रममधून दिलं.

सकाळच्या चढाईत मी घाबरले, हे खरं. पहिल्या वळणावर कठड्यावर माकडं बसली होती, त्यातलं एक रस्त्यात उतरेल असं वाटून मी उगीच ब्रेक दाबला. ते जागचं हललंही नाही. ओमप्रकाशची लाल गाडी गारव्यात अशी चढली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो पहिला, मी चौथी, त्याच्यापेक्षा चार सेकंद मागे. एवढ्या रस्त्यात चार सेकंद म्हणजे फार.

दादा रागावला नाही. त्यानं मला सावलीत बसवलं, ताक दिलं आणि सांगितलं, "सकाळ त्यायची होती. दुपार आपली आहे. पाय काढू नको, बस."

बारा वाजता गडाचे दगड इतके तापले की माकडंही झाडांत गेली. एकेक गाडी निघाली आणि खाली उभ्या आम्हांला वरून ऐकू यायला लागलं. फुटाणे. कोणाचे बारीक, कोणाचे मोठे. दोघांनी अर्ध्यावर गाड्या बाजूला घेतल्या, एकाच्या बोनेटमधून वाफ आली. ओमप्रकाश माझ्याआधी होता. दुसऱ्या वळणापर्यंत तो सकाळसारखाच गेला आणि मग ते सुरू झालं. त्यानं पाय काढला, पुन्हा दाबला, पुन्हा काढला. मला त्याच्यासाठी खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी मी गाडी सुरुवातीच्या रेघेवर आणली.

झेंडा पडला. पहिला गिअर, दुसरा. पहिलं वळण मी ब्रेकशिवाय घेतलं. तलाव उजवीकडे चकाकून मागे गेला. तिसरा गिअर, आणि जिथे बाकीच्यांची इंजिनं ओरडली त्या उभ्या चढावर मी पाय जमिनीला टेकेपर्यंत दाबला आणि कान देऊन वाट पाहिली. आला तो फक्त तोच भरीव आवाज. गाडी मला वर नेत होती. शेवटच्या वळणावर मागची चाकं थोडी सरकली, मी तशीच दाबत राहिले, आणि पांढरी रेघ खालून निघून गेली.

दुपारच्या चढाईला मला सकाळपेक्षा कमी वेळ लागला. एकोणिसांत असं माझं एकटीचंच झालं. दोन्ही वेळांची बेरीज भोंग्यावरून वाचली तेव्हा मी पहिली होते, दीड सेकंदानं. दादा वर धावत आला. एवढा जड माणूस, गडाच्या चढावर, भर उन्हात. त्यानं बोनेट उघडलं, प्लग काढला, तो गरम होता तरी हातात धरला आणि लोकांना दाखवत फिरला. बिस्किटाचा रंग. त्या गर्दीत वकीलसाहेबही होते. त्यांनी प्लग पाहिला, दादाकडे पाहिलं आणि विचारलं की माझी गाडी केव्हा आणू.

ओमप्रकाशनं येऊन माझं अभिनंदन केलं. हरलेला माणूस इतका खूष असू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकायला पाहिजे होतं." आता कॉम्प्रेशन कमी करायला गाडी आमच्याकडेच आणणार, आणि मापं मीच घ्यावी म्हणाला. घाई नाही, दर रविवारी थोडं थोडं केलं तरी चालेल. मी त्याला समजावून सांगितलं की हे एका दिवसाचं काम आहे. त्याला यंत्रातलं फारच कमी कळतं.

आणि बाबा. बक्षिसाच्या वेळी मी गर्दीत पाहिलं तर एका बाजूला टोपी घालून बाबा उभे होते. पहाटेच्या एसटीनं आले होते. रामाचं दर्शन घ्यायचं होतं म्हणाले. योगायोगानं त्यांनाही कालचाच दिवस सापडला. मात्र दर्शन घ्यायचं राहून गेलं, मंदिर दुपारी बंद झालं होतं.

परत येताना दादा आणि वहिनी क्लबच्या गाडीतून आले. आमच्या गाडीत मागची सीट नव्हती, म्हणून बाबा माझ्या शेजारी बसले. या गाडीत ते आजवर कधी बसलेले नाहीत. मनसर गेलं तरी ते ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. मी त्यांना धक्का बसू नये म्हणून बैलगाडीच्या चालीनं चालवत होते. कन्हानच्या पुलाशी आलो. पूल ओलांडला, पुढे कामठीपर्यंत रस्ता सरळ आणि मोकळा होता.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"एवढी हळू काहून चालवून राहिली वं?"

मी पाय दाबला.